काँक्रीटचा वाफसा : पाणी मोजून घाला, बांधकाम टिकवा

पूर्वी शेतकऱ्याच्या घरी सिमेंट येत असे ते विहिरीच्या कठड्यापुरते. आज परिस्थिती बदलली आहे. गोठ्याची जमीन, पाण्याची टाकी, गोबरगॅसचा खड्डा, गांडूळखताचे हौद, कुंपणाचे खांब, खळे, शेतघराचा स्लॅब, मत्स्यबीजाच्या टाक्या अशी अनेक कामे काँक्रीटमध्ये होतात. या कामांसाठी शेतकरी कर्ज काढतो, सिमेंट चांगल्या कंपनीचे आणतो, सळई वजन करून घेतो, खडी-वाळूचा भाव दहा ठिकाणी विचारतो. मात्र एक वस्तू कोणीच मोजत नाही, आणि ती म्हणजे पाणी. पाण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते पाइपने अंदाजे सोडले जाते. खरे पाहता काँक्रीटचे बळ, त्याचा घट्टपणा आणि त्याचे आयुष्य या तिन्ही गोष्टी सर्वांत जास्त अवलंबून असतात त्या या फुकटच्या पाण्यावर.

प्रस्तुत लेखक हा शेतीचा शिक्षक आहे, स्थापत्य अभियंता नाही. परंतु माती आणि पाणी यांचे नाते ज्याला समजते त्याला काँक्रीट आणि पाणी यांचे नाते समजायला वेळ लागत नाही. जमिनीला जसा वाफसा असतो तसाच काँक्रीटलाही असतो. कोरड्या जमिनीत नांगर चालत नाही आणि चिखलात पेरलेले बी कुजते. काँक्रीटचेही तसेच आहे. हा वाफसा कसा ओळखावा आणि कसा साधावा याची माहिती या लेखात दिली आहे.

वर्सोव्याचा एक स्लॅब

माझे मामा मुंबईच्या अंधेरी उपनगरातील वर्सोवा कोळीवाड्यात राहतात. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मढकडे जाणारी खाडी, अशा जागी त्यांचे घर आहे. मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब त्याच आठवड्यात पडणार होता. टँकरचे पाणी महाग, म्हणून जवळच्या एका विहिरीला पंप लावला होता. त्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते हे सर्वांना माहीत होते. प्यायला कोणी ते घेत नसे. मिक्सरजवळ पाइप धरायचे काम माझ्याकडे आले. गवंडी वरून ओरडत होता, "पाणी सोड, माल पळू दे!" मी सोडत राहिलो. माल खरोखरच पळाला. काम दुपारपर्यंत उरकले आणि सर्वजण खूश झाले.

त्याच वर्षी वर्गात मी मातीतील सूक्ष्म पोकळ्या, केशाकर्षण आणि खार जमिनीत क्षार वर कसे येतात हे शिकलो होतो. पाइप हातात असताना त्यातले काहीही मला आठवले नाही. नवव्या पावसाळ्यानंतर त्या स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबडे डाग आणि सळईच्या रेषेत तडे दिसू लागले. एके दिवशी भरदुपारी मोठा कपचा निखळून खाटेवर पडला. मुले शाळेत होती म्हणून अनर्थ टळला. शेवटी तो स्लॅब पाडून नवा घालावा लागला, म्हणजे एका घराला स्लॅबचा खर्च दोनदा पडला. तेव्हापासून मी हा विषय अभ्यासला. मला पुढे जे कळले ते त्या दिवशी मिक्सरजवळ कळले असते तर बरे झाले असते.

काँक्रीट वाळत नाही, जुळते

पुष्कळांची समजूत असते की मातीच्या भिंतीप्रमाणे काँक्रीट वाळून घट्ट होते. ही समजूत चुकीची आहे. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, तिला जलसंयोग म्हणतात. या क्रियेतून एक चिकट, अतिसूक्ष्म पदार्थ तयार होतो. तोच वाळू आणि खडीला एकमेकांशी जखडून ठेवतो. ही क्रिया पाण्याशिवाय होत नाही आणि ती अनेक दिवस, किंबहुना अनेक महिने चालू राहते.

आता या क्रियेला पाणी लागते किती? सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी सिमेंटशी रासायनिकरीत्या संयोग पावते. आणखी सुमारे १५ टक्के पाणी तयार झालेल्या चिकट पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत धरून ठेवले जाते. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला साडेअकरा अधिक साडेसात, असे सुमारे १९ लिटर पाणी पुरते. त्यापेक्षा जास्त घातलेले पाणी सिमेंटच्या कामाचे नसते. ते केवळ माल मऊ व्हावा, फरम्यात नीट बसावा म्हणून घातलेले असते. थोडे जास्तीचे पाणी त्यासाठी लागतेच. प्रश्न आहे तो किती जास्त, एवढाच.

पाणी-सिमेंट गुणोत्तर म्हणजे काय?

मिश्रणातील पाण्याच्या वजनाला सिमेंटच्या वजनाने भागले असता जो आकडा येतो त्याला पाणी-सिमेंट गुणोत्तर म्हणतात. एका पोत्याला २५ लिटर पाणी घातले तर २५ भागिले ५० म्हणजे गुणोत्तर ०.५० झाले. ३५ लिटर घातले तर ०.७० झाले. अमेरिकेतील डफ अब्राम्स या संशोधकाने १९१८ साली असंख्य चाचण्यांच्या आधारे दाखवून दिले की, माल नीट ठोकून बसवलेला असेल तर काँक्रीटचे बळ मुख्यत्वे या एका आकड्यावर ठरते. गुणोत्तर वाढले की बळ घटते. शंभर वर्षे उलटली तरी हा नियम आजही लागू आहे.

किती घटते याचे एक उदाहरण पाहू. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मिश्रण-कोष्टकानुसार गुणोत्तर सुमारे ०.४२ असताना २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाबबळ मिळते. तेच गुणोत्तर ०.६९ झाले की बळ २० वर येते. पोत्याच्या हिशेबात सांगायचे तर २१ लिटरऐवजी साडेचौतीस लिटर पाणी घातले की बळ निम्मे झाले. सिमेंट तेच, सळई तीच, मजुरीही तीच. केवळ साडेतेरा लिटर पाण्याने अर्धे बळ धुऊन नेले.

जास्तीच्या पाण्याचे पुढे काय होते?

एका पोत्याला ३५ लिटर पाणी घातले असे समजा. त्यातले १९ लिटर उपयोगी पडले. उरलेले १६ लिटर सुमारे १४५ लिटर काँक्रीटच्या पोटात तसेच अडकले. कालांतराने ते उडून जाते, पण त्याची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा एका मोठ्या भोकाच्या रूपात दिसत नाही. ती केसाहून बारीक, एकमेकींना जोडलेल्या नळ्यांच्या जाळ्याच्या रूपात असते. त्यामुळे पुढील तोटे होतात.

१) बळ कमी होते : पोकळ्या जितक्या जास्त, तितका भार पेलणारा घट्ट भाग कमी.

२) पृष्ठभाग भुसभुशीत होतो : पातळ मालातील पाणी वर येते आणि सोबत सिमेंटचा बारीक अंश आणते. वर सायीसारखा थर साचतो. गोठ्याची जमीन वर्षभरात धूळ सोडू लागते, जनावरांच्या खुरांनी उखडते, ती बहुधा याच कारणाने. गवंड्याने वर सिमेंटची भुकटी शिंपडून थर गुळगुळीत केला तरी हा दोष झाकला जातो, दूर होत नाही.

३) खडी खाली बसते : पातळ मालात जड खडी तळाला जाते आणि वर नुसता लगदा राहतो. एकजीवपणा राहत नाही.

४) तडे पडतात : पाणी उडून जाताना काँक्रीट आकसते. काळी जमीन जशी उन्हाळ्यात भेगाळते तसाच हा प्रकार. पाणी जितके जास्त, तितके आकसणे जास्त.

५) पाणी झिरपते : टाकी गळते, स्लॅबला ओल येते, आणि खाऱ्या हवेच्या भागात मीठ आत शिरते.

खार जमीन आणि काँक्रीट

कोकणातील शेतकऱ्यांना खार जमीन चांगली परिचयाची आहे. पावसाळ्यात क्षार खाली धुपून जातात आणि भात येते. पाऊस सरला की जमिनीतील बारीक नळ्यांतून खारे पाणी वर चढते, उन्हाने पाणी उडते आणि पांढरा क्षार वर राहतो. समुद्राकाठच्या सच्छिद्र काँक्रीटमध्येही हेच घडते. खारी वाफ, खारा तुषार किंवा खाडीचे पाणी बारीक नळ्यांतून आत शोषले जाते, पाणी उडते, मीठ आत राहते. दर वेळी थोडी भर पडते.

काँक्रीटमधील सळई एरवी सुरक्षित असते, कारण सिमेंट तीव्र विम्लधर्मी असते. त्याचा सामू १२ च्या वर असतो. अशा स्थितीत सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. मिठातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की हा पापुद्रा फुटतो आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आतून फुगणाऱ्या गंजामुळे काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात व कपचे निखळतात. मामांच्या स्लॅबला हेच झाले होते.

मोठमोठी बांधकामेही यातून सुटलेली नाहीत. गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो बांधून पुरती २० वर्षेही झाली नव्हती. पुलातील ताण दिलेल्या पोलादी तारांचे गंजणे हे त्याचे कारण म्हणून पुढे आले. ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला. त्यातील पोलादी तारांनाही गंजाने ग्रासले आणि पुढे १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल सुरू करण्यात आला. जे मोठ्या पुलाचे होते ते आपल्या टाकीचे आणि स्लॅबचेही होऊ शकते, हे ध्यानात घ्यावे.

नळ्या बंद होण्यास किती दिवस लागतात?

यात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. काँक्रीट सतत ओले ठेवले तर सिमेंटची क्रिया चालू राहते, तयार होणारा चिकट पदार्थ नळ्यांत वाढतो आणि एकमेकींना जोडलेल्या नळ्या तुटक होतात. परंतु सुरुवातीला पाणी जितके जास्त, तितक्या नळ्या रुंद, आणि तितके दिवसही जास्त लागतात. पॉवर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे पोत्याच्या हिशेबात पुढे दिले आहेत. साधे पोर्टलँड सिमेंट सतत ओले ठेवले असता हे दिवस लागतात.

कोष्टक १ : पाणी आणि नळ्या तुटक होण्याचा काळ
एका पोत्यास २० लिटर (गुणोत्तर ०.४०) : ३ दिवस
एका पोत्यास २२.५ लिटर (०.४५) : ७ दिवस
एका पोत्यास २५ लिटर (०.५०) : १४ दिवस
एका पोत्यास ३० लिटर (०.६०) : ६ महिने
एका पोत्यास ३५ लिटर (०.७०) : १ वर्ष
३५ लिटरपेक्षा जास्त : कधीच नाही

हे कोष्टक लक्षपूर्वक वाचावे. २५ लिटरचे काँक्रीट दोन आठवडे ओले ठेवणे कोणालाही शक्य आहे. ३५ लिटरचे काँक्रीट वर्षभर ओले कोण ठेवणार? म्हणजे मिक्सरमध्ये सोडलेल्या जादा दहा लिटरची भरपाई नंतर कितीही पाणी मारून व्यवहारात होत नाही.

मग पाणी अगदी कमी का घालू नये?

ही शंका रास्त आहे. पाणी फारच कमी झाले तर माल कोरडा, रवाळ होतो. तो सळयांच्या मधे आणि फरम्याच्या कोपऱ्यांत बसत नाही. फरमा काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जागा दिसतात. हवेच्या अशा पोकळ्या ५ टक्के राहिल्या तरी बळ सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणून ज्या कामावर व्हायब्रेटर आहे तिथे पाणी कमी ठेवता येते. केवळ सळईने ठोकून बसवायचे असेल तर थोडे जास्त लागते. व्हायब्रेटरचे दिवसाचे भाडे हे खरे पाहता पाणी कमी करण्यासाठी दिलेले पैसे आहेत. ते वाचवू नयेत.

व्हायब्रेटर असूनही माल बसत नसेल तर पाणी कमी करणारे रसायन, ज्याला बाजारात प्लास्टिसायझर म्हणतात, ते वापरावे. त्याने पाणी न वाढवता माल मऊ होतो. साध्या प्रकाराने ५ ते १० टक्के पाणी वाचते. त्याचे प्रमाण डब्यावर दिल्याप्रमाणेच घ्यावे. सळईच्या कामात क्लोराइडयुक्त रसायन घेऊ नये.

कोणत्या कामाला किती पाणी?

भारतीय मानक आयएस ४५६ (सन २०००) मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी परिस्थितीनुसार मर्यादा दिल्या आहेत. एम-२० म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्याचे २८ दिवसांनंतरचे बळ दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, असा अर्थ घ्यावा.

कोष्टक २ : सळईच्या काँक्रीटमधील पाण्याची मर्यादा (५० किलोच्या पोत्यास) व सळईवरील आवरण
सौम्य (कोरडी, आडोशाची जागा) : एम-२०, २७.५ लिटर, २० मिमी
मध्यम (पावसापासून आडोसा असलेली, जमिनीत किंवा गोड्या पाण्यात बुडालेली) : एम-२५, २५ लिटर, ३० मिमी
तीव्र (किनारपट्टीची हवा, जोराचा पाऊस, आलटून पालटून ओले-कोरडे) : एम-३०, २२.५ लिटर, ४५ मिमी
अति तीव्र (समुद्राचा तुषार) : एम-३५, २२.५ लिटर, ५० मिमी
पराकोटीची (भरती-ओहोटीच्या पट्ट्यात) : एम-४०, २० लिटर, ७५ मिमी

वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरचे घर, तसेच पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खाडीलगतची बांधकामे तीव्र किंवा त्याहून वरच्या गटात मोडतात. एम-२० पर्यंतचे काँक्रीट ठरलेल्या प्रमाणाने गावातच करता येते. त्यावरील श्रेणीसाठी मात्र अभियंत्याकडून मिश्रण ठरवून घ्यावे किंवा तयार काँक्रीट मागवावे. सळई नसलेल्या किरकोळ कामासाठी एम-१५ ला पोत्यास जास्तीत जास्त ३२ लिटर आणि एम-२० ला ३० लिटर अशी मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा आहे, इतके घालावेच असे नाही.

वाळूतील ओल विसरू नका

वरील आकड्यांत वाळू-खडीच्या अंगावरचे पाणीही मोजायचे असते. एम-२० साठी एका पोत्यामागे सुमारे ८३ किलो वाळू लागते. मध्यम ओल्या वाळूत ५ टक्के पाणी धरल्यास ४ लिटर आणि फार ओल्या वाळूत साडेसात टक्के धरल्यास ६ लिटर पाणी वाळूबरोबरच येते. तितके पाणी बादलीतून वजा करावे. पावसात भिजलेली वाळू आणि वर पूर्ण मापाचे पाणी, ही चूक फार ठिकाणी होते.

ओल्या वाळूची दुसरी गंमत अशी की ती फुगते. त्यामुळे पेटीने मोजताना वाळू कमी पडते. याची परीक्षा सोपी आहे. सरळ बाजूंच्या डब्यात २० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओली वाळू न दाबता भरा. ती काढून ठेवा. डबा अर्धा पाण्याने भरा आणि तीच वाळू हलवत पुन्हा टाका. वाळू बसल्यावर उंची १६ सेंटिमीटर भरली, तर ती २५ टक्के फुगली होती असे समजावे आणि मापात तितकी वाढ द्यावी.

कोणते पाणी चालते?

सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. सळई नसलेल्या कामास २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाण्याचा सामू ६ पेक्षा कमी नसावा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. असे २५ लिटर पाणी एका पोत्यात घातले तर ४७५ ग्रॅम क्लोराइड आत गेले. घनमीटरच्या हिशेबाने हे सुमारे ३.४ किलो होते, तर सळईच्या काँक्रीटसाठी मर्यादा आहे ०.६ किलो. म्हणजे गंजाचे बी आपणच पेरल्यासारखे झाले. समुद्राची किंवा खाडीची न धुतलेली वाळू वापरण्यातही हाच धोका आहे.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात मचूळ असते. स्लॅबची कामे नेमकी एप्रिल-मे महिन्यांत निघतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन क्लोराइड तपासून घ्यावे. पिकासाठी आपण पाणी तपासतो, तसेच घरासाठीही तपासावे. पाणी मारण्यासाठीही मचूळ पाणी घेऊ नये. किनाऱ्यावर शक्य तेथे स्लॅग किंवा फ्लाय ॲशयुक्त सिमेंट घ्यावे. त्यातून क्लोराइड सहजी आत जात नाही, मात्र ते जास्त दिवस ओले ठेवावे लागते.

प्रत्यक्ष काम करण्याची पद्धत

१) मिक्सरवरचा पाइप काढून टाकावा. पिंप भरून ठेवावे आणि १० लिटरची, खुणा केलेली बादली ठेवावी.

२) वाळू-खडीसाठी ३५ लिटरची पेटी करून घ्यावी. एक पोते सिमेंट सुमारे ३५ लिटर भरते. १ : १॥ : ३ प्रमाणासाठी एक पोते सिमेंट, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. घमेल्याचे माप माणसागणिक बदलते, ते टाळावे.

३) ठरलेल्या पाण्यातून वाळूतील ओल वजा करावी. आधी तीन-चतुर्थांश पाणी घालावे, माल फिरू द्यावा, मग उरलेले हळूहळू घालावे. मिक्सर किमान २ मिनिटे फिरवावा.

४) मालाची परीक्षा घ्यावी. ३० सेंटिमीटर उंच, तळाशी २० आणि वर १० सेंटिमीटर व्यासाचे शंकूपात्र मिळते. त्यात माल तीन थरांत ठोकून भरावा आणि पात्र सरळ वर उचलावे. साध्या स्लॅबसाठी माल २५ ते ७५ मिलिमीटर खाली बसावा. तो पसरून भाकरीसारखा झाला तर पाणी जास्त झाले आहे.

५) पाणी घातल्यापासून अर्ध्या तासाच्या आत माल जागेवर पडावा. जेवणाच्या सुट्टीत ताठरलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करू नये.

६) व्हायब्रेटर सुई सरळ खाली सोडावी, बुडबुडे येणे थांबले की हळू बाहेर काढावी. सुईने माल ढकलू नये.

७) सळईखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवून आवरण राखावे. खडीचा तुकडा किंवा लाकडाची ढलपी ठेवू नये.

आत मोजून, बाहेर मनसोक्त

मिश्रणात पाणी कंजूषपणे घालावे, पण काँक्रीट घट्ट झाल्यावर मात्र उदारपणे द्यावे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅगच्या सिमेंटला १४ दिवस पाणी द्यावे. स्लॅबवर भाताच्या खाचरासारखी आळी करून पाणी उभे ठेवावे. खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप मारून मधे दिवसभर वाळू देणे उपयोगाचे नाही. रोपवाटिकेतील रोप दुपारी सुकले तर संध्याकाळचे पाणी त्याला वाचवत नाही, तसेच हे आहे. मे महिन्याच्या वाऱ्यात काँक्रीट पडल्यावर पहिल्या काही तासांतच वर बारीक भेगा पडतात. तेव्हा पृष्ठभाग लगेच प्लास्टिकने झाकावा.

मत्स्यबीजाच्या किंवा पाणी साठवण्याच्या नव्या टाकीत प्रथम पाणी भरून ते काही वेळा बदलावे. नव्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो आणि सामू वाढतो. सामू तपासूनच बीज सोडावे.

गवंड्याशी कसे बोलावे?

पाणी जास्त घालणारा गवंडी अप्रामाणिक असतो असे नव्हे. पातळ माल ओढायला हलका जातो, मजुरांचे हात दुखत नाहीत आणि काम लवकर उरकते. त्याचा मेहनताना स्लॅबच्या आकारावर ठरलेला असतो, आयुष्यावर नाही. म्हणून भर कामात हुज्जत घालण्यापेक्षा आधीच बोलून घ्यावे. पोत्याला किती लिटर हे ठरवावे, व्हायब्रेटरचे भाडे आपण द्यावे, ताठर मालासाठी एक-दोन मजूर जास्त लागतील त्यांची मजुरी कबूल करावी, आणि बादलीजवळ घरातले एक जाणते माणूस दिवसभर उभे करावे. पोत्यागणिक कागदावर एक रेघ ओढावी.

मामांचा नवा स्लॅब घातला तेव्हा अभियंत्याने मिश्रण ठरवून दिले होते, पाणी गोडे होते आणि बादलीजवळ मी उभा होतो. त्याही वेळी वरून "पाणी सोडा" अशी हाक आली. मी रसायनाचा डबा पुढे केला, बादली नाही. काम संध्याकाळपर्यंत लांबले. त्यानंतर चौदा दिवस मामींनी त्या स्लॅबवर पाणी उभे ठेवले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, सिमेंट, सळई आणि मजुरी यांवर आपण हजारो रुपये खर्च करतो. त्या खर्चाचे रक्षण करणारी वस्तू म्हणजे खुणा केलेली एक बादली. पुढच्या वेळी काँक्रीटचे काम निघेल तेव्हा सिमेंटची पोती उतरवून घेण्याआधी ती बादली आणावी आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला द्यावा.